गुंडूनानांचा तांब्या

आमच्या बेंबळीत गुंडूनानांच्या दारावरून कोरड्या घशानं कुणी गेला नाही. माणूस दिसला की तांब्या पुढं. "आधी घोटभर घ्या, मग बोला." एकदा निजामाचा जमादार तणतणत आला, तर नानांनी त्याला तांब्यावर तांबे पाजले. कशासाठी आलोय हे सांगायच्या आधीच बिचाऱ्याला आडोसा शोधावा लागला. मी तर शेजारी. "आत्ताच पिऊन आलो" ही थाप मी दिवसातून दहादा मारायचो.

त्या वर्षी उरुसाला तंबूतला सिनेमा आला. जहाज बुडून समुद्रात अडकलेल्या नवराबायकोचा. दोघं एका फळकुटावर, चहूकडं पाणी, आणि बाई तहानेनं तळमळतेय. आमच्यात समुद्र बघितलाय कुणी! नाना उभे राहून ओरडले, "आरं मर्दा, एवढं पाणी हाय, पाज की तिला!" अख्खा तंबू हसला. ते पाणी खारट असतं, हे मी सांगून पाहिलं, पण पटेना. शेवटी घरी येऊन तांब्यात मूठभर मीठ कालवून दिलं. थू थू करत नाना म्हणाले, मग एवढा समुद्र ठेवलाय तरी कशाला?

दुसऱ्या दिवशी स्वारी भरली घागर खांद्यावर घेऊन तंबूच्या दारात हजर. तंबूवाल्यानं हात जोडले. पडदा भिजला तर माझं वाटोळं होईल म्हणाला. घागर बाहेर राहिली. नाना आत बसले, आणि बाई पाणी मागायला लागल्याबरोबर उठून चालते झाले. पुढं रोज तेच. तिकीट काढायचं आणि नेमकं तिथंच उठायचं. गाव टिंगल करायचं, मीही करायचो.

शेवटच्या खेळाला मात्र मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. म्हटलं, आज शेवट बघूनच जायचं. नानांनी डोळे मिटून घेतले. एकदाचं दुसरं जहाज आलं, खलाशांनी दोघांना वर घेतलं, आणि नवऱ्यानं ओंजळ बायकोच्या ओठाला लावली.

"प्याली व्हय?" नानांनी डोळे न उघडता विचारलं.

"प्याली, नाना. बघा तरी."

त्यांनी बघितलं आणि पोरासारखे रडले.

घराच्या वाटेवर म्हणाले, "आमची ही तापात लई पाणी मागत हुती. हकीम म्हनला, देऊ नगा. म्या न्हाय दिलं."

नानी जाऊन कैक वर्षं झाली होती. तिचा विषय त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

दारात पोचल्यावर नाना सवयीनं आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. मला तहान अजिबात नव्हती. मी तांब्या घटाघटा रिकामा केला आणि परत पुढं धरला.

"नाना, अजून द्या."