रिकाम्या साच्याची चक्रपूर्ती

जे मोजलं जात नाही ते घडतच नाही, हे एकदा मनापासून मान्य केलं की माणसाचे निम्मे प्रश्न सुटतात. उरलेले निम्मे मोजणाऱ्याचे असतात. पोंभुर्ण्याच्या अलीकडे, जंगलाला पाठ टेकून उभा असलेला सहकारी कवेलू कारखाना (कवेलू म्हणजे छपराची कौलं) हे सत्य ठाऊक नसल्यामुळे कित्येक वर्षं नुसताच चालत होता. गावच्या तळ्यातून माती यायची, मळली जायची, दाबयंत्राच्या साच्यात पडायची, तिचे कवेलू व्हायचे, ते सावलीत वाळायचे, भट्टीत भाजायचे आणि कोणाच्या तरी घरावर चढायचे. मग माकडं ते फोडायची आणि घरमालक नवीन न्यायला यायचा. (माकडं हा कारखान्याचा एकमेव विक्री विभाग होता आणि तो विनावेतन काम करत असे.) एवढं सगळं होऊनही इथे उत्पादन होतं की नाही, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी नव्हतं.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती आणि दोन्ही जिल्ह्यांना मागासलेपण आता स्वतंत्रपणे मिरवता येत होतं. त्या सुमारास नागपूरच्या मुख्य कार्यालयाने कारखान्याला एक संगणक पाठवला, आणि संगणकामागोमाग तो कसा वापरायचा हे सांगणारे एक साहेब. साहेबांचं खरं नाव लांबलचक होतं. मजूर त्यांना गिनतीवाले साहेब म्हणत.

संगणकाला ऊन सोसत नाही असं कळल्यावर त्याच्यासाठी थंड हवेचं यंत्र बसवलेली खोली झाली. दाराशी चपला काढायच्या, आत हळू बोलायचं. शकुबाई झाडायला जायची तेव्हा पडद्यासमोर दोन फुलं ठेवून यायची. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हटलं नाही.

या सगळ्याची जबाबदारी पर्यवेक्षक गुणवंतरावांवर आली. गुणवंतराव भले गृहस्थ. वरून आलेला कागद ते उभं राहून वाचत. त्यांचं सगळं आयुष्य शिस्तीत गेलं होतं आणि त्यात त्यांनी एकच धाडस केलं होतं, तेही त्याच वर्षी चैत्रात. त्यांनी आपल्या घराचं जुनं छप्पर उतरवलं होतं.

कारणही तसंच होतं. कुरखेड्याला दिलेली त्यांची लेक सीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. जुन्या छपरातून विंचू पडत. "बाळंतिणीच्या खोलीवर नवे कवेलू पायजेत," असं भागीरथाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. कर्मचाऱ्याला घरासाठी कारखान्याचे कवेलू मिळत, आजवर सगळ्यांना मिळत आले होते, म्हणून आपल्यालाही मिळतील, असं गुणवंतराव धरून चालले. इतका सरळ विचार करणारा माणूस पर्यवेक्षकपदापर्यंत कसा पोचला, हे एक कोडंच आहे.

आता उत्पादन-चक्र निरीक्षण प्रणाली उभी करायची, तर चक्र म्हणजे काय हे आधी ठरायला हवं. त्यासाठी बैठक झाली. दाबयंत्र चालवणारा देवाजी दाराशी उभा होता. साहेबांनी त्यालाच विचारलं.

"तळ्यातून माती खनली, तवापासून कवेलू घरावर चढते तवापर्यंत एक चक्कर, साहेब," देवाजी म्हणाला. "महिना तं लागतेच."

"महिना फार होतो," साहेब सौम्यपणे म्हणाले. "इतका वेळ पडदा थांबत नाही. तो काळा पडतो. यंत्राचं नेमकं काय हलतं?"

"हात. खाली येते, वर जाते."

"मग तेच चक्र."

"आन माती?"

"माती प्रणालीच्या कक्षेत येत नाही."

देवाजीला यात वावगं काही वाटलं नाही. जंगलाचंही तसंच होतं. झाड कापलं की फॉरेस्टच्या कक्षेत येई, वणव्यात जळलं की कोणाच्याच कक्षेत येत नसे. यंत्राच्या हाताखाली एक खटका बसवला गेला, खटक्यापासून थंड खोलीपर्यंत तार गेली, आणि पडद्यावर हिरवे आकडे पुढे सरकू लागले. रोज संध्याकाळी ते नागपूरला कळवले जात. दर चक्रामागे एक कवेलू साठ्यात जमा होई. ते सगळं आपोआप होत असल्यामुळे साठा मोजायला जाण्याची गरज राहिली नाही. साठा मोजणारा कारकून झाडू मेश्राम त्या दिवसापासून थंड खोलीत पडदा पुसायला लागला. तो म्हणे की हे काम जास्त नेमकं आहे.

मुख्य कार्यालयाने लगोलग तीन नियम पाठवले. पहिला, दर महिन्याला चक्रपूर्ती, म्हणजे ठरवून दिलेल्या चक्रांची पूर्ती, झालीच पाहिजे. दुसरा, यंत्र थांबल्यास दिलेल्या यादीतून कारण कळवावं: बिघाड, इंधन नाही, चालक गैरहजर, किंवा अन्य. ('अन्य' वापरण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक.) तिसरा नियम गुणवंतरावांनी दोनदा वाचला. ज्या महिन्यात चक्रपूर्ती होईल, त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांना घरासाठी कवेलू मिळतील.

ते घरी आले तेव्हा भागीरथाबाई खोलीच्या उघड्या बांबूंवर लुगडं वाळत घालत होत्या. छप्पर नसल्याचा तेवढाच उपयोग होता.

"कवेलू कवा येऊन राह्यले?" त्यांनी विचारलं.

"चक्रपूर्ती झाली का येतीन."

"ते काय असते?"

गुणवंतरावांनी समजावून सांगितलं. भागीरथाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरीचे दिस भरत आले. तिले कोनती यादी नाई दाखवता येत."

आणि मग तेंदूपत्ता आला.

विड्यांसाठी तेंदूची पानं तोडायच्या हंगामात या मुलखात घरी फक्त म्हातारे, कोंबड्या आणि सरकारी नोकर राहतात. बाकी सगळे पहाटे जंगलात. माती खणणारे, मळणारे, भट्टीवाले, कोणी म्हणून उरत नाही. कारखान्याचा रिवाज जुना होता: यंत्राला मोहाच्या बियांचं तेल चोळायचं, पोत्यात गुंडाळायचं, नारळ फोडायचा आणि कुलूप लावायचं. वर्षभर राबलेल्या यंत्रानेही चार दिवस पडून राहावं, यात गैर आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. याही वर्षी देवाजीने नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी नागपूरहून तार आली: चक्र शून्य, कारण कळवा.

गुणवंतरावांनी कळवलं: तेंदूपत्ता.

उत्तर आलं: हे कारण यादीत नाही.

गुणवंतराव यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. देवाजीचा गुडघा धरला असल्यामुळे तो जंगलात गेला नव्हता. पोत्यात गुंडाळलेल्या यंत्राच्या सावलीत विडी ओढत बसला होता.

"देवाजी," गुणवंतराव इकडेतिकडे बघत म्हणाले, "साच्यात तेल जमलं असन. मशीन थोडी रिकामी फिरवून पाहू काय?"

"फिरवू ना भाऊ. किती?"

"महिना भरते तोवर."

देवाजीने विडी विझवली. त्याने का, असं विचारलं नाही. गिनतीवाले साहेब हाताला मोजतात, मातीला मोजत नाहीत, एवढं त्याने बैठकीतच लक्षात ठेवलं होतं. डिझेल इंजिन धडधडलं, हात खाली आला, खटका दाबला गेला, हात वर गेला.

यानंतर जे घडलं त्याला कारखान्याच्या इतिहासात जोड नाही. माती घालायची नाही, कवेलू उचलायचे नाहीत, साचा पुसायचा नाही. यंत्र वाऱ्यासारखं चालू लागलं. उत्पादन तिप्पट झालं. तुटफूट शून्य टक्क्यांवर आली. गिऱ्हाइकाची एकही तक्रार नव्हती. माकडांकडून होणारं नुकसान पूर्णपणे थांबलं. हिशेबात मातीचा खर्च शून्य दिसत असल्याने, मातीच्या भानगडीत न पडता कवेलू बनवण्याचा हा भारतातला पहिला प्रयोग असावा, असं मुख्य कार्यालयाच्या कौतुकाच्या पत्रात म्हटलं होतं. (त्यांनी ते गंभीरपणे लिहिलं होतं. ते सगळंच गंभीरपणे लिहीत.)

प्रणालीची पाहणी करायला अधिकारी येऊ लागले. चंद्रपूरचा पारा जसजसा चढला तसतशी पाहण्यांची संख्या वाढत गेली. सगळे चपला काढून थंड खोलीत बसत, दुपार कलेपर्यंत पडद्याकडे एकटक बघत, आणि प्रणाली खरोखरच सुखद आहे असा शेरा देत. यंत्रापर्यंत कोणी गेलं नाही, कारण तिथे ऊन होतं.

तेंदू संपवून मजूर परतले, तोवर परिपत्रक येऊन पडलं होतं. माती वापरल्याने चक्राचा वेग मंदावतो असं आकडेवारीवरून सिद्ध झाल्यामुळे, उत्पादनातील मातीचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करावा. माती खणणाऱ्या वारलूला आता कामच राहिलं नाही. त्याने तोंड पाडून गुणवंतरावांना विचारलं, "भाऊ, मंग आमी काय करावं?" गुणवंतरावांनी त्याला प्रणालीच्या खोलीभोवती वाळ्याचे पडदे भिजवत ठेवायला सांगितलं. तेही गरजेचंच काम होतं.

महिना भरला. चक्रपूर्ती झाली. गुणवंतरावांना कवेलू मंजूर झाले आणि त्याच टपालाने चक्र-अधिकारी म्हणून बढतीही आली.

त्याच आठवड्यात सीता आली. बैलगाडीतून उतरून तिने खोलीकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. ऊन सरळ खाटेवर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा ट्रॅक्टर दारात आला. चालक जंगू खाली उतरला, मागचं फळकं पाडलं आणि अदबीने बाजूला झाला. ट्रॉली रिकामी होती. कोपऱ्यात थोडी जुनी माती वाळून बसली होती, तेवढीच.

"उतरवून घ्या भाऊ," जंगू म्हणाला. "आन इथी सही करा."

"काय उतरवू?"

"ते मले नाई माहीत. मले म्हनलं, भाऊच्या घरी कवेलू पोचव. साठ्यात लय पडून आहेत म्हनते."

गुणवंतरावांनी पावती हातात घेतली. मिळाले नाहीत असं लिहावं, तर साठा खोटा. साठा खोटा, तर चक्रं खोटी. चक्रं खोटी, तर चक्र-अधिकारी कोण? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. ओट्यावर सीता पाय पसरून बसली होती आणि आई तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि सही केली: कवेलू सुस्थितीत मिळाले.

जंगूने फळकं लावलं. ट्रॅक्टर आला तसा गेला. भागीरथाबाई उठल्या, त्यांनी खाटेवरची गोधडी गुंडाळली, लेकीला हाताला धरून उठवलं. "चाल माय," त्या म्हणाल्या, "देवाजीच्या घरी जाऊ. त्याच्या घरावर गवत हाये." नवऱ्यासमोरून त्या सरळ निघून गेल्या. चार शब्द सुनावले असते तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं.

देवाजीच्या गवताच्या छपराखाली सीताला मुलगा झाला. सुखरूप झाला. ते छप्पर देवाजीनेच शाकारलं होतं आणि त्याची कुठल्याही प्रणालीत नोंद नव्हती. गुणवंतराव नातवाला बघायला आले ते थंड खोलीतून सरळ आले होते, त्यामुळे त्यांचे हात गार होते. बाळ त्यांच्या हातात देताच रडायला लागलं.

"बाबा, आमाले घरी कवा नेता?" सीताने विचारलं.

"नेतो ना माय. छप्पर तं झालं," गुणवंतराव म्हणाले. "मी सोता सही केली."

सीताने वर गवताकडे पाहिलं, मग बापाकडे. गुणवंतरावांना त्या क्षणी फार शरम वाटली. पण शरम हे कारणही यादीत नव्हतं, म्हणून ते बाळाला परत देऊन कामावर गेले. महिना नवीन लागला होता आणि पडद्यावरचा आकडा अजून लहान होता.

वाचता वाचता आपल्याला गुणवंतरावांचं हसू आलं असेल, तर त्यात चूक काही नाही. त्यांच्या मुख्य कार्यालयातही सगळे हसतमुख होते. आपणही संध्याकाळी घरी जाऊन "आज मरणाचं काम झालं" असं सांगता, आणि ते खरंच असतं. दिवसभर हात खालीवर झालेला असतो, याबद्दल कोणाला शंका नाही. फक्त आपण तसं सांगत असताना घरातलं कोणी वर छपराकडे बघायला लागलं, तर त्याला जरा बोलण्यात गुंतवून ठेवा.