एका नडगीवर चौसष्ट कुटुंबांची दया

चांगुलपणा माणसात उपजतच असतो, याबद्दल दुमत नाही. अडचण एवढीच, की नोंद नसेल तर तो होता हे पुढे सिद्ध करता येत नाही. मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पारडं बोटानं दाबणारे पुष्कळ दुकानदार मी पाहिले, आणि त्यांतला प्रत्येकजण छातीवर हात ठेवून 'मी प्रामाणिक आहे' असंच म्हणत असे (पारड्यावरचा हात दुसरा). त्यामुळे कुणी नुसतं 'मी दयाळू आहे' म्हणालं, की मी आधी वजन तपासतो.

आमच्या चर्चमध्ये एका रविवारी पाळकसाहेबांनी दयेवर प्रवचन दिलं. प्रवचन उत्तम झालं (एकोणतीस मिनिटं). शेवटी ते म्हणाले, "या आठवड्यात प्रत्येकानं दयेचं एक तरी काम करा. गाजावाजा नको. या हाताचं त्या हाताला कळू नये." एवढं बोलून ते चहाला गेले. दया कुणी करायची, कुणावर, किती वाजता आणि झाली नाही तर जबाबदार कोण, हे सगळं त्यांनी मोघमच ठेवलं. देवाच्या माणसांकडून तपशिलाची अपेक्षा करू नये. त्यासाठी समिती असते.

समिती चर्चच्या पायऱ्यांवरच स्थापन झाली. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. (मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत आणि आजही त्यांच्यापुढे बोट वर करून बोलतात.) चिटणीस मी. तीन दिवस खपून मी दया-नोंदपत्रक तयार केलं. त्यात दया करणाराचं नाव, दयेचा प्रकार (भेट, अन्न, क्षमा, इतर), सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि लाभार्थीची सही असे पाच रकाने होते. गाजावाजा टाळायचा असल्यामुळे ते फक्त तीन प्रतींत भरायचं होतं. एक प्रत सूचना-फलकावर.

पहिल्याच आठवड्यात टंचाई जाणवली. चौसष्ट कुटुंबं कंबर कसून उभी, आणि दया करावी असं कुणी मिळेना. मंडळी संतापजनक रीतीनं ठणठणीत होती. एका आजींना खोकला होता, पण तिसरी भेट पोचेपर्यंत त्यांनी तो हट्टानं बरा केला. क्षमेच्या रकान्याचं तर नावच काढू नका. क्षमा करायला सगळे एका पायावर तयार होते, चूक कबूल करायला एकही नाही. एक बंधू शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणाले, "तुमचं सगळं मी माफ केलं." शेजारी म्हणाला, "सगळं म्हणजे काय काय?" बंधूंनी यादी वाचली. त्यानंतर जे घडलं त्याची नोंद 'इतर'मध्ये घ्यावी लागली.

अशा वेळी देवानं आमच्याकडे पाहिलं, आणि घड्याळजी पडले.

घड्याळजी म्हणजे चर्चसमोरच्या घरात राहणारे, घड्याळं दुरुस्त करणारे सत्तरीचे विधुर. बोलणं कमी, ऐकणं जास्त. भिंतीवरचं घड्याळ उतरवायला ते स्टुलावर चढले आणि घड्याळाच्या आधी स्वतःच उतरले. उजव्या पायाची नडगी मोडली. मोठ्या बाईंनी ही बातमी समितीत देताना "आनंदाची बातमी आहे" अशी सुरुवात केली. इतिवृत्तात मी 'आनंदाची' खोडून 'महत्त्वाची' केलं.

लगेच वेळापत्रक लागलं. सकाळी सातपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत, वीस-वीस मिनिटांच्या भेटी. चोवीस दिवसांत दोनशे सोळा भेटी झाल्या आणि सुपाची चौऱ्याण्णव भांडी पोचती झाली. प्रार्थना दोनशे सोळा, त्यांपैकी सात रुग्ण झोपी गेल्यावरही चालू राहिल्या. याच हाडाचं दुखणं झालेल्या नातेवाइकांच्या हकिगती एक्याऐंशी भरल्या. त्यांतल्या तेहतीस हकिगतींमध्ये नातेवाईक शेवटी दगावतो (दोघं वेगळ्याच कारणानं, पण सांगणाऱ्यांना मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं).

मी स्वतः एकदा तपासणीला गेलो. घड्याळजी उशीत तोंड घालून पडले होते.

"चिटणीस, मला जरा झोपायचंय."

"अवश्य. विश्रांतीसाठी दोन दहा ते अडीच राखून ठेवलेत."

"दोन दहाला प्रार्थनागट येतो."

"तुम्हाला शांत झोप लागावी म्हणूनच प्रार्थना करतात ते."

"एवढ्या मोठ्यानं?"

"सामूहिक आहे ना," मी म्हणालो, आणि सहीसाठी पत्रक पुढे केलं. त्यांनी सही केली. रोज नऊ भेटी आणि तीन-तीन प्रती, म्हणजे दिवसाला सत्तावीस सह्या. पाय जुळत आला, तसं मनगट दुखू लागलं. मनगटाची आम्ही स्वतंत्र नोंद घेतली आणि आठ जादा भेटी मंजूर केल्या.

पण चांगल्या कामात विघ्न यायचंच. हाडांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं, की हाड छान जुळतंय, आणखी तीन आठवड्यांत प्लास्टर काढू. काही उत्साही कुटुंबं सात-सातदा जाऊन आली होती आणि एकोणीस कुटुंबांची पाळीच लागली नव्हती. एवढ्या दयेचं करायचं काय? तिला वाळवणही घालता येत नाही. मी डॉक्टरांना सविनय पत्र लिहिलं: 'मंडळीच्या आत्मिक वाढीच्या दृष्टीनं प्लास्टर आणखी महिनाभर ठेवणं शक्य आहे का? नसल्यास दुसऱ्या पायाची प्रकृती कशी आहे, तेही कृपया कळवावं.' उत्तर आलं नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि आत जाऊन हात धुतले.

याच सुमारास आणखी एक गैरसोय उद्भवली. मंगळवारी समिती जमली, तर हॉलला कुलूप. शुक्रवारी पुन्हा तेच. हॉलची किल्ली किल्लीवालीकडे असते. ही बाई अकरा वर्षं चर्च झाडते, बाकं पुसते, हॉल उघडते आणि लावते. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण हजेरीपट हॉलमध्ये, आणि हॉलला कुलूप. दोन्ही बैठका आम्ही पायऱ्यांवर, भर उन्हात घेतल्या. विषय होता 'इतरांच्या अडचणी ओळखाव्यात कशा'. मोठ्या बाईंचं डोकं चढलं. किल्लीवालीला कारणे दाखवा नोटीस द्यावी असा ठराव एकमतानं झाला आणि ती बजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी मी निघणार, तोच नवा बोभाटा. घड्याळजी पलंगावर नाहीत! सातच्या भेटीला गेलेल्या पतिपत्नींना उघडं दार आणि रिकामं अंथरूण दिसलं. दोघंही नियमाला धरून वीस मिनिटं अंथरुणाजवळ बसले, अंथरुणासाठी प्रार्थना केली, सूप ठेवलं आणि सहीच्या जागी 'लाभार्थी फरार' असं लिहून आले.

मी म्हटलं, आधी नोटीस, मग फरारी. एका वेळी एकच काम.

किल्लीवालीची खोली चर्चच्या मागे आहे. सूचना-फलकापासून बत्तीस पावलं. (मोजण्याची सवय. अकरा वर्षांत मोजायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली.) दार लोटलं, तर आत एक खाट, एक खुर्ची, एक बादली. खाटेवर किल्लीवाली, कपाळावर ओलं फडकं. बादली पालथी घालून तिच्यावर घड्याळजी बसलेले, प्लास्टरचा पाय लांब पसरलेला, कुबड्या भिंतीला, आणि हातात सुपाचा डबा.

"घड्याळजी! तुमची सातची भेट बुडाली!"

"बुडू दे," ते म्हणाले. "एरवी सातच्या आत परत जातो. आज हिला बसवतच नव्हतं, म्हणून थांबलो."

"एरवी म्हणजे? रोज येता?"

"आठ दिवस झाले. सूप ढीगभर आहे घरात. मला एकट्याला जातंय होय?"

"पण ही आजारी आहे, हे तुम्हाला कळवलं कुणी?"

"कळवतंय कोण! रोज साडेसहाला अंगणात हिचा खराटा वाजतो. पडल्या पडल्या मी त्यावर घड्याळ लावत होतो. एक दिवस वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, बघून येऊ."

मला पाहून किल्लीवाली उठू लागली. "बसा ना, साहेब. खुर्चीवर बसा. हॉल बंद राहिला हो, माझंच चुकलं. कुणाकडे तरी किल्ली पाठवायला हवी होती, पण पायच ठरेनात." मग तिनं उशीखाली हात घालून किल्ली काढली. "ही घ्या. बैठक असेल ना तुमची."

मी किल्ली घेतली. गरम होती.

लोखंडाची किल्ली इतकी गरम लागू नये. खिशातली नोटीस मी बाहेर काढली नाही. कारण तांत्रिक होतं. तिचा हात थरथरत होता आणि थरथरत्या हाताची सही पोच म्हणून ग्राह्य धरत नाहीत. घड्याळजी माझ्याकडे बघत राहिले.

"चिटणीस, तो चमचा द्या जरा इकडे."

मी दिला. (प्रकार: इतर. कालावधी: दोन सेकंद.)

मग मी हॉल उघडला आणि बैठक वेळेवर सुरू झाली. मुद्दा गंभीर होता. नडगीसाठी मंजूर झालेलं सूप परस्पर तापाकडे वळवलं गेलं होतं. शिवाय लाभार्थीनं स्वतःच दया करायला सुरुवात केली, तर दया करणारांनी जायचं कुठे?

"आजारी होती तर तिनं कळवायला नको?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"कुणाला?" मी विचारलं.

"समितीला. आणखी कुणाला?"

"कुठे?"

"इथे. हॉलमध्ये येऊन."

"हॉल बंद होता, बाई."

"का?"

"ती आजारी होती."

एका बंधूंनी सवयीनं बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं. इतिवृत्तात मी 'साधकबाधक चर्चा झाली' असं लिहिलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"काय होतंय तिला?"

"ताप."

"किती आहे?"

"ते... विचारायचं राहिलं."

"चमचा दिलात फक्त?"

"मागितला म्हणून दिला."

ती उठली. थर्मामीटर घेतलं, शाल घेतली, निवडलेली भाजी माझ्यापुढे सरकवली आणि गेली. तीन तासांनी आली. मी पत्रक पुढे केलं, तर म्हणाली, "अहो, आधी ती भाजी फोडणीला टाका." तिनं पत्रक भरलेलं नाही. त्यामुळे ते तीन तास ती कुठे होती, हे अधिकृतपणे सांगता येत नाही. पुढचे चार दिवसही सांगता येत नाहीत. पाळकसाहेबही त्या दिवसांत पहाटे स्वतः चर्चचं अंगण झाडताना दिसले. आम्ही त्यांनाही पत्रक दिलं. त्यांनी ते निरखून पाहिलं, आडवं धरलं आणि त्यावर केर भरला.

ठरल्या दिवशी घड्याळजींचं प्लास्टर निघालं. शेवटच्या पत्रकावर सही करायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "मनगट दुखतंय." त्या तीन आठवड्यांत समितीच्या तिघांनी राजीनामे दिले. एकानं प्रकृतीचं कारण दिलं, तेव्हा त्याच संध्याकाळी त्याच्याकडे एकोणीस कुटुंबं पोचली. बाकीच्या दोघांनी कारण दिलेलं नाही, आणि ते कुठे राहायला गेले हेही कळवलेलं नाही.

वरील अहवाल मी मंडळीपुढे वाचून दाखवला. मंडळीनं शांतपणे ऐकला आणि तीन प्रश्न विचारले. घड्याळजींच्या जागी आता कोण? सर्वांत जास्त सूप कुणाचं? आणि हॉलची दुसरी किल्ली कधी करणार?

किल्लीवालीचा ताप उतरला का, हे कुणी विचारलं नाही.

तुम्हीही नाही. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. प्लास्टर निघालं, राजीनामे आले, तरी तुम्ही मुकाट्यानं पुढे वाचत आलात. (मनातल्या मनात विचारलं असल्यास पुरावा जोडावा, तीन प्रतींत.) असो. ताप उतरला, बाराव्या दिवशी. समितीत सध्या तीन जागा रिकाम्या आहेत. तुम्हाला अर्ज करण्याची गरज नाही. तुमची निवड झालेली आहे.