भंगाळे सरांची अर्धी हिरवळ

थंडीच्या दिवसांत आमचे शेजारी भंगाळे सर सकाळी सकाळी अंगणात पालथे पडलेले दिसायचे. कानटोपी, स्वेटर, वर बायकोची शाल, आणि नाक गवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काहीतरी बरंवाईट झालं म्हणून मी कुंपणावरून उडी मारायच्या बेतात होतो. सर मान न उचलता म्हणाले, "हळू. गवत झोपलंय."

फैजपूर हे केळीचं गाव. जी हरळी उपटता उपटता इथल्या पिढ्यांच्या कमरा मोडल्या, ती हे गृहस्थ नळाचं पाणी घालून वाढवत होते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, म्हणून गावानं सांभाळून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं, की थंडीत हरळी पिवळी पडते खरी. पण मुळांशी चांगली बुरशी आणि मातीत पालाश, म्हणजे पोटॅश खत, असेल तर ती तग धरते. "बुरशी म्हणजे मुळांचे लांबवलेले हात, आणि पालाश म्हणजे गवताची गोधडी," हे दूधवाल्यालाही ऐकावं लागे. बुरशी हा शब्द ते अशा कौतुकानं उच्चारत, जसं कोणी जावयाचं नाव घ्यावं. एकदा माझ्या बायकोच्या, सुमनच्या, लोणच्याला बुरशी आली. सरांनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाले, "वाढ छान आहे. पण ही आपल्या कामाची नाही." सुमन आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. सरांना ते कळलंही नाही.

कामाची बुरशी आणायला ते एस.टी.नं सातपुड्याच्या पायथ्याशी जात आणि जुन्या गवताखालची माती पिशवीत भरून, मांडीवर घेऊन परत येत. यावलला एकदा कंडक्टरनं विचारलं, "सर, माती कशाले नेता? फैजपूरची सरली का?"

"ही जिवंत आहे," सर म्हणाले.

"मग तिचं तिकीट काढा."

अंगणाचे त्यांनी दोन भाग केले होते. मधे पत्रा पुरलेला, वर चुन्याची रेघ. घराकडच्या अर्ध्याला बुरशी आणि पालाश. आमच्या कुंपणाकडचा अर्धा उपाशी. "तुलना नसेल तर ते शास्त्र नव्हे, कीर्तन," असं म्हणत. चपलेला लागून बुरशी पलीकडे जाईल म्हणून रेघ कोणी ओलांडायची नाही. टपालवाल्यालाही त्यांनी यावरून झापलं होतं.

पण हवी तशी थंडीच पडेना. हिवाळा सौम्य गेला की सारं गाव खूश आणि सर एकटे सुतकात. शेवटी एका जानेवारीत कडाका आला. केळीच्या बागा करपल्या. सर बागायतदारांच्या घरी समाचाराला जात, आणि गल्लीच्या वळणावर आले की शीळ घालत. त्यांच्या अंगणात घराकडचा अर्धा हिरवागार होता, आमच्याकडचा वाळून काडी झालेला. त्यांनी जळगावच्या दोन प्राध्यापकांना रविवारी पाहायला बोलावलं. इतके दिवस हसणाऱ्या आम्हालाही, ऐटीत, बोलावलं.

सरांच्या पत्नी शांताकाकूंना दिवाळीआधी अर्धांगवायूचा झटका आला होता. त्याआधी रोज कुंपणाशी उभ्या राहून सुमनशी गप्पा मारणारी ही बाई आता एकटी घरातून बाहेर येत नसे. चालायचा सराव घरात करावा तर गुळगुळीत फरशीवर घसरायची भीती, आणि लुळ्या पायात चप्पल टिकत नसे. म्हणून सर त्यांना हात धरून हिरवळीवर अनवाणी चालवत. चुन्याच्या रेघेपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं.

शनिवारी सकाळी सुमन कपडे वाळत घालत होती. काकूंनी तिला पाहिलं आणि रेघेपलीकडे पाऊल टाकलं. वाळलेल्या काड्या टोचल्या. त्यांनी पाय मागे घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि वळल्या.

दुपारी फावड्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. सर हिरव्या भागातलं गवत मातीसकट कापून वाळक्या भागावर अंथरत होते, आमच्या कुंपणापर्यंत. पत्रा उपटून भिंतीला टेकवलेला.

"सर, उद्या पाहुणे येणार ना?"

"येतील."

"मग त्यांना दाखवाल काय?"

ते पायानं गवत दाबत होते. "इथं उंचवटा राहिलाय का बघा जरा. ती अडखळेल."

रविवारी प्राध्यापक आले. अंगणभर नजर फिरवून एक म्हणाले, "सगळी माती मिसळून टाकलीत की. याला प्रयोग कसं म्हणायचं?" दुसरे तोंड फिरवून हसले.

"चूक झाली खरी," सर म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. कारण त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली, म्हणून मीही सांगितलं नाही.

पाहुणे गेल्यावर काकू सावकाश चालत आमच्या कुंपणापर्यंत आल्या. दोन्ही हातांनी तार धरली. जीभ अजून जड होती.

"काय... केलं वं आज?"

"भरीत, काकू," सुमन म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"पात घातली?"

"नाही घातली."

काकूंना ते अजिबात पटलं नाही. एकेक शब्द जुळवत त्या भांडायला लागल्या. मागे सर हात पुढे करून, पण त्यांना न लावता, उभे होते. दोघींचं कांद्याच्या पातीवरून बराच वेळ एकमत होईना, आणि सरांना मुळीच घाई नव्हती.