अनभिज्ञता प्रमाणपत्र

माझ्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची एक गाठ सापडली. वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी सांगितलं, अशा गाठींचे दोन स्वभाव असतात. एक जागच्या जागी बसून राहते आणि माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातो. दुसरी धावत सुटते. आपली कुठली, याचा अंदाज रक्तातल्या मायक्रोआरएनए नावाच्या अतिसूक्ष्म रेणूंवरून बांधता येतो. बसणारी असेल तर नुसती नजर ठेवायची, धावणारी असेल तर ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहील याची हमी नाही. निर्णय मात्र मीच घ्यायचा, कारण तो रुग्णाचा हक्क आहे.

रक्त दिलं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. मी सवयीने खिडकीशी हात पुढे केला.

"काका, रिपोर्ट पेशंटला देत नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "घाबरतात. जवळच्या नातेवाइकाला देतो."

जवळची नातेवाईक म्हणून फाइलमध्ये माझ्या बायकोचं नाव होतं. तिला जाऊन नऊ महिने झाले होते, आणि तेही याच रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर. तरी बाईंनी मृत्यूचा दाखला मागितला. तो त्यांच्याच कपाटात निघाला. मग मुलीचं नाव लागलं. मुलीने गुप्ततेच्या हमीपत्रावर सही केली, रिपोर्ट वाचला, पर्समध्ये ठेवला आणि मला विचारलं, "बाबा, आज भाजी कुठली करू?"

मी चाळीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासले. काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे नसेल तर दंड करायचो. आता माल माझा आणि काट्याचं तोंड मुलीकडे. सोमवारपर्यंत निर्णयाच्या कागदावर सही हवी होती. काही कळल्याशिवाय ठरवू कसं, असं मी डॉक्टरांना विचारलं.

"शांत मनाने ठरवा," ते म्हणाले. "म्हणूनच तर सांगत नाही."

बातमी चांगली असेल तर सांगायला काय हरकत आहे, असंही मी विचारून पाहिलं. त्यांनी समजावलं की चांगली बातमी सांगायची पद्धत पडली, तर न सांगणं हीच वाईट बातमी ठरेल, आणि सगळी गुप्तता वाया जाईल. मला यात खोट काढता येईना.

मग मी घरातल्या माणसांवरून अंदाज बांधू लागलो. जावई न सांगता माझं अंघोळीचं पाणी तापवू लागला. शेजाऱ्याने सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी परत आणून दिली. शिडी बघून मी ऑपरेशनच्या रकान्यात जवळजवळ सहीच करत होतो. नंतर कळलं, त्याने नवी घेतली होती.

सोमवारी सहीआधी मला अनभिज्ञता कक्षात बसवलं. रुग्णाला काही कळलेलं नाही, असं प्रमाणपत्र कागदाला जोडावं लागतं. त्यासाठी एकाच प्रश्नाची लेखी परीक्षा असते. उत्तर बरोबर आलं तर नापास, म्हणजे नातेवाइकाने फोडलं, आणि त्याची चौकशी. चुकीचं आलं किंवा 'माहीत नाही' लिहिलं, तर पास. प्रश्न होता : तुमची गाठ बसणारी की धावणारी?

मी परीक्षेचे नियम पुन्हा एकदा वाचले. मग लिहिलं, धावणारी.

खिडकीतल्या बाईच इथेही होत्या. त्यांनी माझं उत्तर रिपोर्टशी ताडून पाहिलं आणि शिक्का मारला.

"पास. काका, तुम्हाला काहीही माहीत नाही."

मी मान खाली घातली. आनंद दिसला असता तर फेरपरीक्षा घेतली असती. 'नजर ठेवणे' या रकान्यात सही करता करता, कुणी नापास होतं का, असं सहज विचारलं.

"क्वचित. आपल्या काकू तर सातही वेळा पास," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या बायकोची फाइल माझ्यापुढे सरकवली.

सात पेपर, दर महिन्याला एक. प्रश्न तोच : तुम्ही बऱ्या होणार का? पहिल्यावर तिच्या गोल अक्षरात 'होणार'. खाली शिक्का, पास. पुढच्या सहांवर 'माहीत नाही'.

त्या सात महिन्यांत तिचा रिपोर्ट माझ्याकडे होता, आणि मी तिच्यासमोर बसून पुढच्या वर्षीचे बेत करायचो. बैठकीला नवे पडदे लावू, म्हणालो होतो. ती माझ्याबरोबर दुकानात आली, तासभर कापड चाचपत बसली आणि लवकर मळत नाहीत म्हणून गडद हिरवे निवडले.

बाहेर मुलगी उभी होती. "काय विचारलं हो बाबा?"

"काही नाही गं. पत्ता."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मला काहीच कळलं नाही याची तिला खात्री पटली होती. तशी मलाही सात महिने होती, पण मला कुणी परीक्षेला बसवलं नाही. नातेवाइकांची परीक्षा घेत नाहीत. तुमच्या घरात एखादा रिपोर्ट कपड्यांच्या घडीखाली ठेवलेला असेल, आणि तो ज्याचा आहे त्याला यातलं काही माहीत नाही असं तुम्ही छातीठोकपणे सांगत असाल, तर कक्षात एकदा जाऊन या. प्रमाणपत्र तुमच्याच नावाने तयार असेल.