विमानाची भरलेली दाढ

"एकदा भरलेली दाढ पाहिली, की तो माणूस मी हजारांच्या गर्दीतून हुडकून काढीन!" अशी आमच्या डॉक्टरांची बढाई होती. डॉक्टर म्हणजे दाताचे. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते गोड हसत, पण समोरच्याने जांभई दिल्याशिवाय त्यांना खरी ओळख पटत नसे!

अशा या डॉक्टरांचा जीव होता सासऱ्यांवर. सासरे तरुणपणी लढाऊ विमानाचे वैमानिक. युद्धात पराक्रम गाजवून आलेले! जावई त्यांच्यासमोर खुर्चीला टेकूनसुद्धा बसत नसत. घरात त्या दिवसांचा एकच फोटो होता. कमरेवर हात ठेवून सासरे उभे आणि मागे विमान. त्याबद्दल विचारलं की म्हातारबुवा "झालं ते झालं" म्हणायचे आणि मटार सोलायला घ्यायचे.

शहरातल्या बागेत असंच एक जुनं विमान चौथऱ्यावर उभं होतं. त्यात कबुतरांनी संसार थाटला होता. बागेच्या साहेबांनी ठरवलं, हे धूड भंगारात काढायचं आणि तिथं कारंजं बसवायचं. पेपरात विमानाच्या फोटोसकट ही बातमी आली आणि डॉक्टरांच्या हातून चहा सांडला!

"अगं, हे बाबांचं विमान! पंखावरचं ठिगळ बघ. एका बाजूला तिरकं, आपल्या फोटोतल्यासारखंच!"

"अहो, ठिगळ ते ठिगळ," बायको म्हणाली. "सगळ्याच विमानांना असेल."

"फिलिंग आहे ते! दोन फिलिंगं कधी सारखी नसतात!"

लगेच डॉक्टर दवाखान्यातला छोटा आरसा आणि टोकदार सळई घेऊन बागेत पोचले. पंखाखाली उताणे पडून त्यांनी रंगाचे थर असे खरवडले, की जणू दातांवरचं कीटण! इतक्यात रखवालदाराने त्यांचे पाय धरून ओढले.

"कोण रे तू?"

"डॉक्टर!"

"विमानाला काय झालंय?"

"दाढ भरलीय!"

रखवालदाराने त्यांना थेट बागेच्या साहेबांपुढे नेऊन उभं केलं. डॉक्टरांनी खिशातून घरचा फोटो काढून दाखवला. साहेब वैतागून म्हणाले, "ठीक आहे. वैमानिकाने स्वतः येऊन 'हे माझं विमान' म्हणावं, राहू देतो. नाहीतर त्याच दिवशी क्रेन!"

डॉक्टरांनी लगोलग बागेत सासऱ्यांचा सत्कारच ठरवला. पण सत्कार म्हटला की सासरे घराबाहेर पडणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून बायकोला बरोबर घेऊन त्यांनी बाबांना काही न सांगता फिरायच्या निमित्ताने बागेत आणलं. तिथं मांडव, माईक, बँडवाले! साहेबही आलेले आणि मागे क्रेनही आलेली. विमान दिसताच म्हातारबुवा थबकले. पुढे होऊन त्यांनी ठिगळावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी तरळलं. डॉक्टरांची छाती दोन इंच फुगली.

"हेच ना तुमचं विमान?" साहेबांनी विचारलं.

"छे!"

आणि ठरल्याप्रमाणे बँड दणक्यात सुरू झाला! डॉक्टरांनी धावत जाऊन ढोलवाल्याचा हात धरला.

"बाबा, अहो, फोटो!"

"फोटोचं काय? आदल्या दिवशी माझं विमान पाडलं होतं. फोटोवाला आला, म्हणाला, विमानाशेजारी उभे राहा. जे जागेवर होतं त्याच्याशेजारी राहिलो. यात मी कधी बसलोसुद्धा नाही!"

साहेबांनी क्रेनवाल्याला खूण केली. डॉक्टरांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. तेवढ्यात सासऱ्यांनी माईक हातात घेतला.

"थांबा! हे माझ्या जोडीदाराचं विमान. मी हवाई छत्रीने खाली उतरत होतो आणि शत्रू माझ्यावर गोळ्या झाडायला वळत होता. हा पठ्ठ्या मध्ये आला. मी सुखरूप झाडीत शिरेपर्यंत माझ्या डोक्यावर घिरट्या घालत राहिला. हे ठिगळ आहे ना, इथं बसलेली गोळी माझ्यासाठी होती. 'उगाच माझे पोवाडे गाऊ नकोस,' असं त्याने बजावलं होतं. आता तो नाही. पडलेल्या माणसाचं विमान ठेवून काय करता? ज्याने त्याला सांभाळलं त्याचं ठेवा!"

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि क्रेनवाल्याला हाताने मागे सारलं. विमान राहिलं! पाटीवर जोडीदाराचं नाव घालायचं ठरलं. डॉक्टरांचं भाषण खिशातच राहिलं, पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते आपल्या सासऱ्यांकडे नुसते बघत होते. माणूस असावा तर असा!

"मग तुमच्या विमानाचं काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"गावकऱ्यांनी पत्रा नेला," म्हातारबुवा हसले. "पातेली केली असतील. पत्रा उत्तम होता हो!"

सगळे खो खो हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते हळूच सासऱ्यांजवळ सरकले.

"बाबा, गाव कुठलं म्हणालात?"

"अहो!" बायको कडाडली. "खबरदार लोकांच्या स्वयंपाकघरात शिराल तर!"

"शिरत नाही गं," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "दारातूनच पातेल्यांची बुडं बघतो!"