बावीस हातांचा कारखाना

लोणखेड्याच्या कॉलेजरस्त्यावर दगूबाई पाटील अठ्ठावीस वर्षं खापरावर मांडे करत होती. एवढ्या काळात तिच्या मांड्यांनी एकाही माणसाचं पोट बिघडलं नव्हतं. परंतु ही बाब शासनाच्या कोणत्याही नोंदीत नव्हती, आणि जी बाब नोंदीत नसते ती घडलेली नसते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

मांडे करणं तसं सोपं. म्हणजे ज्याला येतं त्याला. पुरण भरलेला कणकेचा गोळा घ्यायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. दोन्ही हातांवर झेलत झेलत तो कोपरापर्यंत पसरवायचा आणि पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. दगूबाई हे सगळं सुनेशी, म्हणजे चेतनाशी, भांडता भांडता करायची. भांडण रंगलं की मांडा जास्त पातळ व्हायचा, असं गिऱ्हाईक म्हणत.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, महिना उरला होता. आखाजी म्हणजे आमरस, आणि आमरस म्हणजे मांडे. वर्षभराची निम्मी कमाई त्या आठवड्यात. नेमक्या अशा वेळी एक तपासणी अधिकारी मोटारसायकलवरून उतरले आणि त्यांनी चुलीशेजारच्या खांबाला नोटीस चिकटवली. तीस दिवसांत अन्नपरवाना दाखवावा, अन्यथा चूल कायमची बंद करण्यात येईल.

"साहेब, इतला वरीसमा कोनी काही इचारं नही," दगूबाई म्हणाली.

"म्हणजे इतकी वर्षं विनापरवाना चालू आहे," साहेबांनी लिहून घेतलं. "कबुलीबद्दल आभारी आहे." मग त्यांनी नमुना म्हणून सहा मांडे घेतले. त्यांतल्या चारांची तपासणी त्यांनी तिथेच उभ्या उभ्या, तूप मागून घेऊन केली.

संध्याकाळी हेमकांत सर आले. सर कॉलेजात शिकवत आणि दर गुरुवारी न चुकता आठ मांडे नेत. त्यांनी नोटीस वाचली आणि दोन पावलं मागे सरले.

"मावशी, तुन्हाकडे लायसन नही? अन् मी दर गुरुवारले हाई खाई ऱ्हायनू?"

सरांनी पोटावरून हात फिरवला. त्यांना मळमळू लागलं. दगूबाईच्या मांड्यांनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा एका माणसाचं पोट बिघडलं, ते असं, न खाता.

दुसऱ्या दिवशी दगूबाई चेतनाला घेऊन शहाद्याला नवनीतच्या ऑनलाइन केंद्रात गेली. नवनीत हा त्या भागातला मोठा विद्वान. पीकविमा, जातीचा दाखला, रेल्वेचं तिकीट, थोडक्यात नवस सोडून सगळं तो भरून देत असे. त्याने अर्ज उघडला आणि पदार्थांची यादी खाली सरकवत नेली. यादीत पास्ता होता, पिझ्झा होता, परदेशातले सात प्रकारचे पाव होते. मांडे नव्हते.

"मावशी, मांडा नही शे येन्हामा."

"नही कशा? साहेब चार खाई गया ना!"

"इतर" असा एक पर्याय होता. पण तो निवडल्यास आपला पदार्थ खरोखरच इतर आहे असा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला लागत होता, आणि सक्षम प्राधिकारी कोण हे कळण्यासाठी वेगळा अर्ज होता. नवनीतने व्यवहार पाहिला आणि "भाजलेले पातळ पदार्थ, यांत्रिक" यावर बोट दाबलं. लगेच पुढचा रकाना उघडला: पदार्थ पसरवण्याचं उपकरण.

"कसावर पसारतीस तू?"

"हातवर. आनखी कसावर?"

नवनीतने "हात" असं लिहिलं. अर्जाने ते निमूटपणे स्वीकारलं आणि उपकरणांची संख्या विचारली.

इथे दगूबाईची चूक झाली. दुसरी कोणी असती तर "दोन" म्हणून मोकळी झाली असती. पण खानदेशात लग्नाचे मांडे एकटीदुकटीने होत नसतात. लग्न निघालं की गल्लीतल्या बाया बोलावणं न येता पदर खोचून येतात, हात लावतात आणि चहा पिऊन घरी जातात. दगूबाईने नऊजणींच्या घरी हात लावला होता, आणि त्या नऊजणी तिच्याकडे लावत होत्या. त्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवायचं, तेही सरकारी कागदावर, हे तिच्या जिवाला पटेना.

"मन्हा दोन, चेतनाना दोन. अन् लगीनमा सुगंधाबाई येस, रुपा येस, नऊ बाया येतस. त्यास्ना बी लिख, भाऊ. बावीस हात. खोटं नको लिखू, पाप लागस."

नवनीतने बावीस लिहिले. पडदा क्षणभर विचारात पडला आणि मग हिरवागार झाला. बावीस उपकरणं असल्यामुळे अर्जदाराची गणना लघु गटातून मोठ्या कारखान्यांत करण्यात येत असल्याबद्दल अर्जदाराचं हार्दिक अभिनंदन करण्यात आलं होतं. दगूबाईने घरी जाऊन गूळ वाटला.

चौथ्या दिवसापासून त्रुटी येऊ लागल्या. बावीस यंत्रांच्या कारखान्याला तीन फेजची वीज का नाही? आपत्कालीन दरवाजा कुठे आहे? (दगूबाईच्या कारखान्याला मुळात भिंतीच नव्हत्या, आग लागली असती तर कामगार आठही दिशांना पळू शकले असते. पण दरवाजा नव्हता हे खरं.) यंत्रं कोणत्या धातूची, या रकान्यात गंज न चढणारं पोलाद सोडून दुसरा पर्याय नव्हता, म्हणून नवनीतने ते दिलं. यंत्रांची खरेदी बिलं मागितली गेली.

"बिल कोठून आनू? हात ते मन्ही मायनी दिनात," दगूबाई म्हणाली.

नवनीतने "वारसाहक्काने प्राप्त" असं कळवलं. उलट टपाली वारस दाखला मागवण्यात आला.

तोवर बारा दिवस गेले होते. नवनीतने मग बावीसचे दोन करायचं ठरवलं. अर्जात दुरुस्तीची सोय होती. सरकार काही दुष्ट नाही. यंत्रं कमी करायची तर प्रत्येक यंत्र भंगारात काढल्याचा विहित नमुन्यातला दाखला, यंत्रधारकाच्या आधार क्रमांकासह आणि अंगठ्यासह जोडायचा, एवढंच होतं. चेतना नमुना घेऊन गल्लीत फिरली. "मी खाली अंगठा करणार लिहून देते की, माझे दोन्ही हात कायमचे निकामी झाले असून यापुढे ते कोणत्याही कामी वापरले जाणार नाहीत." बायांनी मजकूर विचारला नाही. दगूबाईची चूल बंद पडतेय म्हटल्यावर त्यांनी भाकरी थापता थापता, पिठाच्या हातांनी अंगठे उठवले. चेतनाने आपलेही दोन हात भंगारात घातले.

सरकारी यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत अशी लोकांची तक्रार असते. या वेळी त्या बोलल्या. पुढच्या सोमवारी सुगंधाबाई रेशनला गेली आणि तिने अंगठा लावला, तर दुकानातलं यंत्र म्हणालं की सदर हात वापरातून बाद आहे. धान्य मिळालं नाही. हात कामाचे असल्याचा दाखला आणा, असं दुकानदार म्हणाला. तो दाखला मिळवण्यासाठी अंगठा लावावा लागत होता.

रिकामी पिशवी घेऊन सुगंधाबाई थेट चुलीपाशी आली.

"व दगू, मन्हा हात मरी गयात म्हने! मी जित्ती शे अन् हात मरी गयात!"

ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. दगूबाईने आपल्या कोठीतले गहू तिच्या पिशवीत ओतले. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, मरू दे तो परवाना. पण आखाजी आठ दिवसांवर आली होती, आणि घरात दुसरं उत्पन्न नव्हतं.

अखेर तेच अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला आले. बरोबर टेप होती. दोन यंत्रांमध्ये किमान एक मीटर अंतर हवं, म्हणून त्यांनी दगूबाईला हात पसरायला लावले आणि मोजलं. बंद अवस्थेत दीड मीटर भरलं. साहेब खूश झाले.

"आता यंत्र चालू करून दाखवा."

दगूबाईने गोळा उचलला. या हातावरून त्या हातावर तो फिरू लागला, मोठा होऊ लागला, मनगट ओलांडून कोपरापर्यंत पोचला आणि पुढच्या क्षणी खापरावर पडून फुगला. एक सुरकुती नाही, एक भोक नाही. साहेबांचं तोंड उघडं राहिलं. "माझी आजी असेच करायची," ते म्हणाले. तेवढा वेळ ते माणूस होते. मग त्यांना हातातली फाईल आठवली.

"उपकरण उत्तम स्थितीत आहे. वय किती?"

"अठ्ठावन."

साहेबांनी मान हलवली. "पंधरा वर्षांवरचं उपकरण अन्ननिर्मितीला चालत नाही, बाई."

"मंग मी पंधरा वरीसना हात कोठून आनू?"

"तसं मुळीच करू नका. तो बालमजुरीचा गुन्हा होईल."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनीच तोडगा सुचवला. उरलेली दोन उपकरणंही भंगारात काढायची. मग दगूबाई उत्पादक राहणार नाही, नुसती विक्रेती होईल, आणि विक्रेत्याचा परवाना बसल्या जागी मिळतो. बनवायचं काही नाही, परवानाधारक कारखान्याची पाकिटं आणून विकायची. लोकांना मांडे मिळतील, तिला पैसे मिळतील आणि कायद्याचंही समाधान होईल.

दगूबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. मनगटाशी खापराचे जुने चटके होते. डाव्या हातावर मुलीच्या लग्नातला एक लांब डाग होता. याच हातांनी तिने दोन पोरं वाढवली होती, नवऱ्यामागे घर चालवलं होतं. ते निकामी आहेत असं तिला स्वतःच्याच अंगठ्याने कबूल करायचं होतं. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, जणू चोरी करताना कोणी पकडलं होतं. पण आखाजी काही थांबणार नव्हती. तिने अंगठा उठवला. परवाना चार मिनिटांत आला.

तेव्हापासून कॉलेजरस्त्यावर सगळं रीतसर आहे. चूल काढली. खापर घरात गेलं. त्या जागी काचेचं कपाट आलं, त्यात लांबच्या कुठल्याशा कारखान्यातले मांडे. ते चामड्यासारखे चिवट असतात आणि चार महिने टिकतात, कारण बुरशीलाही त्यांत काही खाण्यासारखं सापडत नाही. पाकिटावर नऊवारीतली एक बाई आहे आणि वर लिहिलंय, "आजीच्या हातची अस्सल चव". दगूबाई हातमोजे घालून पाकीट देते. हेमकांत सर गुरुवारी पुन्हा येऊ लागले. त्यांची मळमळ थांबली आहे.

"चव नही ऱ्हायनी, मावशी," ते चावता चावता म्हणाले, "पन मनले खात्री वाटस."

पुढे सरांच्या मुलीचं लग्न निघालं. तेव्हा मात्र सर दगूबाईच्या घरी मागच्या दाराने आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, मन्ही पोरनं लगीन शे. पाकिटना नको. तुन्हा हातनाच मांडा पाहिजेत."

"सर, त्या हात ते भंगारमा गयात. मन्हा अंगठा शे कागदवर."

"मंडपमा कोन कागद देखस? फक्त फोटो नको काढू देऊ कोन्हाले."

लग्नाला नाही म्हणायची दगूबाईला सवय नव्हती. लग्नाच्या दिवशी पहाटे मंडपामागच्या कनातीआड तिने चुली पेटवल्या. बोलावणं न जाता सुगंधाबाई आली, रुपा आली, नऊच्या नऊ आल्या. सरकारदरबारी मेलेल्या हातांनी दुपारपर्यंत सातशे मांडे केले.

त्या लग्नाला तुम्हीही होतात. पहिले दोन मांडे तुम्ही आमरसाबरोबर संपवलेत; तिसऱ्याला "अर्धाच द्या" म्हणालात आणि अख्खा घेतलात. पंगतीत शेजारच्याला सांगितलंत की हे असं हातचं आता कुठे मिळतं, ही कला पार बुडाली. परवाना कुणाचा, हे तुम्ही विचारलं नाहीत. मग जाताना तुमची गाडी कॉलेजरस्त्यावर थांबली. काचेचं कपाट, भिंतीवरचा परवाना आणि त्याखाली रिकामी बसलेली चेतना बघून तुम्ही बायकोला म्हणालात, "बरं झालं, ते उघड्यावरचं बंद पाडलं एकदाचं. आता कसं सगळं खात्रीचं."

पाकीट मात्र तुम्ही घेतलं नाहीत. पोट भरलेलं होतं.