उभे मोतीरामभाऊ

मोतीरामभाऊंची खुर्ची मी दुसऱ्याला दिली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही म्हणाल, एका खुर्चीचं काय एवढं? तर आधी मोतीरामभाऊ ऐका.

हा माणूस वीसेक वर्षं खुर्चीवर बसलाच नाही. आमच्या कोळशाच्या गावात, खाणीच्या टाइम ऑफिसात, एका बाबूने मागे रेलून, पाय हलवत त्यांना "कल आना" म्हटलं होतं. भाऊ तसेच बाहेर आले. गेटवर शिफ्ट सुटत होती. तिथे ते ओरडले, "मजुरायची सत्ता नगरपरिषदेत आल्याबिगर मी खुर्चीले पाठ लावणार नाई!" आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या पक्षात शपथा पुष्कळ व्हायच्या; चहा येईपर्यंत टिकायच्या. ही टिकली.

शपथेचं शास्त्रही त्यांचंच. "स्टूल चालते. स्टूलले पाठ नसते. पाठ टेकली का माणूस सायेब होते." त्यामुळे पोतं चालायचं, मोटारसायकल चालायची. एसटीची सीट चालायची नाही. अहेरीच्या मेळाव्याला ते चंद्रपूरहून उभ्याने गेले आणि आपल्या तिकिटाच्या सीटवर पक्षाचा झेंडा बसवून नेला. कंडक्टरने झेंड्याला उठवायला सांगितलं तर त्याच्याशी आष्टीपर्यंत भांडले. दाढसुद्धा उभ्याने उपटून घेतली. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, हलू नका." भाऊ तोंडातला कापूस काढून म्हणाले, "मी नाई हालून राह्यलो, तुमीच हालून राह्यले."

पक्षाच्या बैठकीत आम्ही खुर्च्यांवर आणि हे आमच्या डोक्यावर.

"बसा ना भाऊ, सतरंजीवर तरी."

"तुमी बसा, सेक्रेटरी. कोणीतरी जागं पायजे."

सेक्रेटरी म्हणजे मी.

पक्ष निवडणुका हरत होता. अगदी शिस्तीत. अनामत जप्त झाली की भाऊ पेढे वाटायचे. "मांगच्यापेक्षा मतं जास्त हायेत!" मग कंत्राटी मजुरांचा संप झाला. कोळसा हलेना, ट्रक रांगेत धूळ खात पडले, आणि भाऊ गेटवर इतके दिवस उभे राहिले की तिथला कुत्रा त्यांना खांब समजू लागला. शेवटी मजुरी वाढली. गावाचं मन फिरलं. हवा कुठली ते ओळखून एक ट्रान्सपोर्टवाले शेठ आमच्याकडे आले. ज्यांच्या ट्रकांपुढे आम्ही आडवे पडलो होतो, तेच. जीपा त्यांच्या, मांडव त्यांचा, आणि आमच्या तिकिटावर माणसंही त्यांची.

भाऊ म्हणाले, "सेक्रेटरी, संप कोणाच्या विरोधात होता, याद हाय का?"

मी म्हणालो, "भाऊ, आधी सत्ता येऊ द्या."

आली.

विजयसभेच्या सकाळी कोळशाच्या वॅगनी भरतात त्या रेल्वे सायडिंगवर झाडू मारणाऱ्या बाया ऑटोत घालून एक खुर्ची घेऊन आल्या. आलापल्लीकडचं सागवान, सुताराकडून खास करवून घेतलेली, पाठीला जुन्या लुगड्याची गादी. त्यांची म्होरकी शेवंताबाई म्हणाली, "भाऊले सांगू नोका. पह्यल्या लाईनीत ठेवा. आमी मांगून पाहू, म्हातारा कसा टेकते तं."

"टेकला तं उठवाले क्रेन लागन!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

मी ती पहिल्या ओळीत ठेवली. खरंच ठेवली होती. मग शेठ आले. ओळ भरलेली. शेठच्या माणसाने माझ्याकडे फक्त पाहिलं. तेवढ्यावर मी म्हणालो, "बसा ना शेठ, ही तुमच्यासाठीच."

भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांना इस्त्रीत मी पहिल्यांदाच पाहत होतो. पहिली ओळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. कोण कोण बसलंय तेही पाहिलं. मग मांडवाचा खांब धरून उभे राहिले. मी धावत गेलो, प्लास्टिकची खुर्ची आणतो म्हणालो.

"राहू द्या, सेक्रेटरी. आपली सत्ता अजून यायची हाय."

मी विनोद झाल्यासारखा हसलो.

शेठना खुर्ची फारच आवडली. "बढिया सागवान आहे," म्हणत त्यांनी ती जीपमध्ये टाकायला लावली. बाया मागून बघत होत्या. शेवंताबाईने मला गाठून विचारलं, "भाऊनं देल्ली का त्याइले?"

मी म्हणालो, "हो."

आता मी पाणीपुरवठा सभापती आहे. भाऊ पुन्हा गेटवर असतात, यंदा नळाला पाणी नाही म्हणून आमच्याच विरोधात. शिफ्ट सुटली की सायडिंगच्या बाया तिथूनच जातात. पूर्वी थांबायच्या, भाऊंची टर उडवायच्या, डब्यातलं काही हातावर ठेवायच्या. आता खाली बघून निघून जातात. त्या दिसल्या की भाऊ आवाज वाढवतात, आणि त्या गेल्या की भाषणात पुढे काय होतं ते विसरतात.

परवा मला म्हणाले, तेही हळू आवाजात, "सेक्रेटरी, तुमी नाई ठेवली खुर्ची, त्याचं काई नाई. तुमी तसेच. पण सायडिंगच्या बायाइले तरी माही याद याले पायजे होती."

मी त्यांना चहा पाजला. त्यांनी उभ्यानेच घेतला आणि गेले.

शेवंताबाईला आणि भाऊंना समोरासमोर आणून मला सांगायचं आहे की बायांनी खुर्ची आणली होती, भाऊंनी ती कुणाला दिली नाही, मी दिली. एवढं माझ्याकडून राहिलं आहे.